बटरक्रीमला तडे का जातात? कारणे, प्रतिबंध आणि दुरुस्ती

वाढदिवस, साखरपुडा, लग्नाचा स्वागतसमारंभ किंवा नाताळ, प्रसंग कोणताही असो, मध्यभागी मांडलेल्या केककडे पाहुण्यांची नजर आधी जाते. रात्री गुळगुळीत लेप देऊन ठेवलेल्या त्याच केकवर सकाळी बुडापासून वर चढलेली भेग दिसली, की करणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. घरच्यापुरता केक असेल तर प्रश्न हसण्यावारी नेता येतो. मात्र गोव्यात घरातूनच केकच्या ऑर्डरी घेऊन संसाराला हातभार लावणाऱ्या अनेक गृहिणी आहेत. त्यांच्या दृष्टीने तडा गेलेला केक म्हणजे वाया गेलेले साहित्य, परत करावे लागणारे पैसे आणि पुढच्या वेळी न येणारे गिऱ्हाईक.

गोव्याच्या पारंपरिक मिष्टान्नांना हा प्रश्न कधी पडला नाही. बेबिंक, दोदोल, बात्क यांपैकी कशावरही लोण्याचा लेप नसतो. त्यामुळे बटरक्रीमचे शास्त्र आजीकडून किंवा सासूकडून हातात आलेले नाही. ते समजून घ्यावे लागते. समजले, की तड्यांपैकी बहुतेक टाळता येतात आणि उरलेले तासाभरात बुजवता येतात.

बटरक्रीमचे प्रकार

बटरक्रीम म्हणजे फेटलेले लोणी आणि साखर यांचा, हवा भरून हलका केलेला लेप. साखर त्यात कोणत्या रूपाने घातली जाते, यावरून त्याचे प्रकार पडतात आणि तडा जाण्याची शक्यताही त्यावरूनच ठरते.

सर्वांत सोपा आणि आपल्याकडे सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार म्हणजे अमेरिकन बटरक्रीम. यात मऊ बटर फेटून त्यात आयसिंग शुगर व थोडे दूध घालतात. अंडे नसल्यामुळे शाकाहारी ग्राहकांसाठी हाच प्रकार सोयीचा ठरतो. त्याचा पृष्ठभाग काही वेळाने सुकून त्यावर पातळ कवच धरते.

दुसरा गट मेरिंगवर आधारलेल्या बटरक्रीमचा. स्विस पद्धतीत अंड्याचा पांढरा बलक व साखर उकळत्या पाण्याच्या वाफेवर सुमारे ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून फेटतात आणि मग त्यात बटर मिसळतात. इटालियन पद्धतीत सुमारे ११५ ते ११८ अंशांपर्यंत तापवलेला साखरेचा पाक फेटलेल्या बलकात धार धरून ओततात. दोन्हींत साखर पूर्ण विरघळलेली असल्यामुळे कोरडे कवच सहसा धरत नाही.

तिसरा प्रकार पिठाच्या खळीचा. दूध, साखर आणि मैदा एकत्र शिजवून घट्ट खळ करतात, ती पूर्ण गार करतात आणि फेटलेल्या बटरमध्ये थोडी थोडी मिसळतात. हा प्रकारही अंड्याविना होतो, कमी गोड लागतो आणि त्यावर कवच धरत नाही. तरीही आपल्याकडे त्याचा वापर फारसा होत नाही.

कवच कसे धरते

तड्यांचे मूळ समजण्यासाठी अमेरिकन बटरक्रीममधील पाण्याचा हिशेब मांडून पाहावा. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि सुमारे १६ टक्के पाणी असते. २५० ग्रॅम बटरमध्ये, म्हणजे, ४० ग्रॅमच्या आसपास पाणी येते. त्यात दोन मोठे चमचे दूध घातले तर एकूण पाणी ६५ ते ७० ग्रॅम होते. साध्या तापमानाला पाण्यात त्याच्या सुमारे दुप्पट वजनाची साखर विरघळते. म्हणजे या मिश्रणात १३० ते १४० ग्रॅम साखर विरघळू शकते. प्रत्यक्षात आपण ५०० ग्रॅम साखर घालतो. उरलेली साखर सूक्ष्म कणांच्या रूपात स्निग्धांशात तशीच राहते.

लेप हवेत उघडा राहिला की पृष्ठभागावरचे पाणी उडू लागते. पाणी कमी झाले की विरघळलेली साखर पुन्हा कणरूप धारण करते आणि आधीच्या कणांना एकमेकांशी सांधते. पाकातल्या चिरोट्यावर किंवा शंकरपाळ्यांवर साखर पांढरी होऊन बसते, तोच हा प्रकार. आयसिंग शुगरमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून मिसळलेले कॉर्नफ्लोअरही ओलावा शोषून या कामाला मदत करते. परिणामी वर ठिसूळ पापुद्रा आणि खाली मऊ लोणी अशी रचना तयार होते. मऊ थर वाकतो, पापुद्रा वाकू शकत नाही. खालचा केक किंचित हलला, खचला किंवा फुगला, की पापुद्रा फुटतो.

कवच हा दोष मात्र नव्हे. त्यामुळे लेपाला बोट लागले तरी ठसा उमटत नाही आणि वर नक्षी काढता येते. कवच किती जाड धरावे आणि त्याखालचा केक किती स्थिर असावा, एवढेच आपल्या हाती ठेवायचे असते.

तडा पाहून कारण ओळखावे

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी तडा नीट पाहावा. त्याच्या जागेवरून व आकारावरून कारण बहुधा कळते.

पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या, तर लेप फार कोरडा किंवा साखर जास्त झालेली असते. कवच धरल्यानंतर पुन्हा पुन्हा पॅलेट नाइफ फिरवल्यानेही अशाच भेगा पडतात.

बुडापासून वर चढणारी किंवा माथ्यावरून आरपार गेलेली एकच लांब भेग असेल, तर बोर्ड वाकला आहे असे समजावे. केक उचलताना हा तडा क्षणात उमटतो.

दोन थरांच्या सांध्यावर आडवी भेग आणि तिच्याभोवती कमरपट्ट्यासारखा फुगवटा असेल, तर केक स्वतःच्या वजनाने बसला आहे आणि मधले सारण बाहेर ढकलले गेले आहे.

एका जागी बशीएवढा फुगा येऊन त्याच्या कडेला भेग पडली असेल, तर केक व लेप यांच्यामध्ये हवा अडकलेली असते. थंड केक उबेला आला की ती हवा प्रसरण पावते आणि लेपाला बाहेर ढकलते.

लेप चपट्या तुकड्यांनी सुटत असेल, तर त्याने केकला धरलेलेच नाही. केकवर भुगा राहिला असेल किंवा फ्रीजमधून काढल्यावर त्यावर पाणी सुटले असेल.

केक कापताना सुरीबरोबर लेपाचे तुकडे उडत असतील, तर तो फक्त फार थंड आहे. फ्रीजमध्ये बटर गोठून कडक होते. मेरिंगच्या बटरक्रीमला हा अनुभव हमखास येतो. असा केक वाढण्यापूर्वी तास-दीड तास बाहेर ठेवला की तक्रार मिटते.

साहित्य आणि प्रमाण

अमेरिकन बटरक्रीमसाठी वजनाने एक भाग बटर आणि दोन भाग आयसिंग शुगर हे नेहमीचे प्रमाण आहे. साखर दुपटीच्या पुढे गेली की कवच जाड आणि ठिसूळ होते. भेगा वारंवार पडत असतील तर २५० ग्रॅम बटरला साखर ५०० ग्रॅमवरून ४०० ग्रॅमवर आणावी. लेप सैल वाटला तर साखर वाढवण्याऐवजी भांडे १५ मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावे आणि पुन्हा फेटावे. गोव्याच्या उष्म्यात सैल झालेल्या लेपात साखर ओतत राहणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. त्या वेळी लेप घट्ट होतो, पण रात्री गारव्यात तो दगडासारखा होऊन फुटतो.

लेप लवचीक राहण्यासाठी २५० ग्रॅम बटरच्या मिश्रणात एक मोठा चमचा लिक्विड ग्लुकोज घालावा. त्यामुळे साखरेचे कण जमण्याला अडथळा येतो आणि ओलावा टिकतो. खाद्य दर्जाचे ग्लिसरीन एक लहान चमचा घातले तरी तोच उपयोग होतो. दोन्ही वस्तू केकचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळतात. ग्लिसरीन घेताना बाटलीवर खाद्य दर्जाचा स्पष्ट उल्लेख पाहावा. औषधाच्या दुकानात मिळणारे प्रत्येक ग्लिसरीन खाण्यासाठी नसते.

बटर मीठविरहित घ्यावे. घरचे लोणी वापरायचे असेल तर ते ताक पूर्ण जाईपर्यंत थंड पाण्यात धुऊन नीट निथळावे. त्यात पाण्याचे प्रमाण कमी-जास्त असते, त्यामुळे दूध घालण्याची गरज बहुधा पडत नाही. साजूक तूप मात्र या कामाचे नाही. त्यात पाणी नसते आणि ते रवाळ गोठते, त्यामुळे लेप एकजीव होत नाही.

घरी दळलेली साखर बाजारच्या आयसिंग शुगरइतकी बारीक होत नाही. ती वापरल्यास एका वाटीला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर मिसळून बारीक चाळणीतून दोनदा चाळावी. बोटांच्या चिमटीत कण लागत असतील, तर पुन्हा दळावी. जाडसर कणांभोवती लेप लवकर चिरतो.

फेटण्याचा वेगही महत्त्वाचा आहे. आधी बटर एकटेच पांढरट होईपर्यंत फेटावे, साखर तीन-चार वेळा विभागून घालावी आणि शेवटची दोन मिनिटे अगदी मंद गतीने फिरवावे. मंद फिरवण्याने मोठे बुडबुडे फुटतात. हे बुडबुडे लेपात राहिले, तर पुढे तिथेच छिद्रे व भेगा दिसतात. तयार लेप चमच्यावरून उलटा केला तरी पडू नये, पण पोळीवर लोणी पसरावे तसा सहज पसरावा.

केक बसू द्यावा

नुकता भाजलेला केक स्थिर नसतो. त्यातली वाफ निघून जायची असते, वरच्या थराच्या भाराने खालचा थर दबायचा असतो. हे सर्व लेप दिल्यानंतर घडले की लेप फुटतो. म्हणून ते आधीच घडू द्यावे.

केक पूर्ण गार झाल्यावर वरचा घुमट करवती सुरीने सपाट कापावा. घुमट तसाच ठेवून दुसरा थर रचला तर कडेला पोकळी राहते आणि वरचा थर हळूहळू वाकतो. सारण भरताना थराच्या कडेने घट्ट बटरक्रीमचा बांध घालावा व सारण त्याच्या आत, बांधाच्या उंचीपेक्षा थोडे कमी भरावे. खाजन शेतीचे बांध खाडीचे पाणी शेताबाहेर ठेवतात. हा बांध आंब्याचा किंवा अननसाचा रस केकच्या आत ठेवतो.

सर्व थर रचल्यावर केक प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळावा, माथ्यावर एखादी हलकी फरशी किंवा ताटली ठेवावी आणि शक्य असल्यास रात्रभर थंड जागी बसू द्यावा. वेळ नसल्यास निदान तीन-चार तास तरी द्यावेत. सकाळी कडेला सारण बाहेर आलेले दिसले, तर ते सुरीने निरपून घ्यावे. नंतर भुगा धरून ठेवणारा पहिला पातळ लेप द्यावा, तो २० ते ३० मिनिटे फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्यावा आणि मगच अखेरचा लेप चढवावा. हा लेप सहा ते आठ मिलिमीटर जाड पुरतो.

कंडेन्स्ड मिल्क घालून केलेला अंडेविरहित केक अधिक मऊ व भुसभुशीत असतो. त्याला बसायला जास्त वेळ लागतो. त्यावर साखरपाणी शिंपडतानाही हात आखडता घ्यावा, कारण भिजलेला थर भाराखाली खचतो.

बोर्ड : दुर्लक्षित कारण

लेपाचे प्रमाण अचूक, केक बसलेला, तरी उचलताच तडा गेला, तर दोष जवळजवळ नेहमी खालच्या बोर्डाचा असतो. पातळ पुठ्ठा एका हाताने धरला की मध्ये वाकतो. केकचे बूड त्याबरोबर वाकते आणि कवच फुटते.

एक किलोपर्यंतच्या केकसाठी पुठ्ठ्याचे दोन बोर्ड, त्यांच्या पन्हळी एकमेकींना आडव्या येतील असे चिकटवून वापरावेत. त्याहून जड केकसाठी सुमारे १२ मिलिमीटर जाडीचा ठोस बोर्ड घ्यावा. बोर्ड केकपेक्षा चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर मोठा असला, म्हणजे उचलताना बोटे लेपाला लागत नाहीत. लाकडी फळी वापरायची असल्यास तिला अन्नासाठी योग्य असा कागद लावावा. उचलताना दोन्ही तळवे बोर्डाच्या मध्यापर्यंत सरकवावेत. केवळ कडा धरू नयेत.

मजल्यांच्या केकला आणखी एक काळजी लागते. वरच्या प्रत्येक मजल्याला स्वतंत्र बोर्ड हवा आणि त्याचा भार खालच्या केकमध्ये रोवलेल्या काड्यांवर यावा. काड्या खालच्या केकच्या उंचीएवढ्या आणि सर्व एकसमान कापाव्यात. एखादी काडी तोकडी राहिली, तर वरचा मजला त्या बाजूला कलतो आणि खालच्या मजल्याच्या माथ्यावर अर्धवर्तुळाकार भेग उमटते.

गोव्याची हवा

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात पडतो. या दिवसांत हवेत एवढा ओलावा असतो, की लेपावर कवच धरतच नाही, उलट पृष्ठभाग चिकट होतो. पावसाळ्यात दूध कमी करावे किंवा घालूच नये.

डिसेंबर-जानेवारीत हवा तुलनेने कोरडी होते आणि लग्नसराई व नाताळ एकाच वेळी येतात. तड्यांच्या तक्रारी याच काळात वाढाव्यात, यात नवल नाही. पंख्याखाली किंवा वातानुकूलित खोलीत उघडा ठेवलेला केक याहून लवकर सुकतो. लेप दिल्यावर तो पंख्याच्या झोतात ठेवू नये आणि कवच हाताला न चिकटण्याइतके धरले की लगेच खोक्यात बंद करावा.

एप्रिल-मेमध्ये दुपारचे तापमान ३३-३४ अंशांवर जाते. बटर याच सुमाराला, ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते. म्हणजे किनाऱ्यावरच्या मांडवात ठेवलेला शुद्ध बटरचा लेप उभा राहू शकत नाही. काही बेकरीवाले म्हणून बटरच्या एक तृतीयांश ते निम्म्या भागाऐवजी वनस्पतिजन्य घट्ट शॉर्टनिंग वापरतात. ते अधिक तापमानाला वितळते, मात्र चव उतरते. शॉर्टनिंग घेताना वेष्टनावरील ट्रान्स फॅटचे प्रमाण वाचावे. भारतात १ जानेवारी २०२२ पासून खाद्यतेले व स्निग्ध पदार्थांत औद्योगिक ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के आहे. ग्राहकाला शुद्ध बटर हवे असेल, तर केक कापण्याच्या वेळेपूर्वी अर्धा तासच मांडवात आणावा, असे आधीच सांगून ठेवणे चांगले.

थंडीतून उबेत

गोठवलेल्या केकवर थेट लेप देऊ नये. तो वितळताना प्रसरण पावतो, ओलावा सोडतो आणि लेपाला फुगे येतात. केक थंड व घट्ट असावा, गोठलेला नसावा. तसेच फ्रीजमधून काढलेल्या केकवर गरम दिव्याचा किंवा उन्हाचा झोत पडू देऊ नये. बाहेरचा लेप लवकर मऊ होतो, आतला केक गारच राहतो आणि दोहोंमधला ताण भेगेने व्यक्त होतो.

फ्रीजमध्ये केक पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात ठेवावा आणि बाहेर काढल्यावर खोके लगेच उघडू नये. हवेतला ओलावा प्रथम खोक्यावर जमतो. अर्ध्या ते एक तासाने उघडले, तर लेपावर दवबिंदू येत नाहीत आणि रंग ओघळत नाहीत.

प्रवास

केक मोटारीत बसण्याच्या आसनावर ठेवू नये. आसन मागे उतरते असते आणि वळणावर केकचा भार एका कडेवर येतो. पायाजवळची सपाट जागा किंवा डिकी योग्य. खोक्याखाली रबरी जाळीची चटई घालावी, गाडी आधी थंड करून घ्यावी आणि खोक्यावर ऊन येऊ देऊ नये.

चोर्ला किंवा अनमोड घाटातून बेळगावकडे केक न्यायचा असेल, अथवा दिवाडीच्या फेरीबोटीत गाडी चढवायची असेल, तर मजले वेगवेगळ्या खोक्यांत न्यावेत आणि जागेवर रचावेत. निघण्यापूर्वी केक तासभर फ्रीजमध्ये घट्ट करावा. सोबत त्याच घाण्यातले १५० ग्रॅम बटरक्रीम, पॅलेट नाइफ, एक टाचणी आणि स्वच्छ फडके ठेवावे. रंगीत लेप नंतर त्याच छटेचा पुन्हा बनत नाही, म्हणून हा शिल्लक साठा फार उपयोगी पडतो.

तडा बुजवणे

प्रथम कारण दूर करावे. बोर्ड वाकत असेल तर केकखाली दुसरा भक्कम बोर्ड सरकवावा, नाहीतर बुजवलेला तडा पुन्हा उघडतो.

केसासारखी भेग : पॅलेट नाइफ गरम पाण्यात बुडवून पूर्ण कोरडे पुसावे आणि भेगेवर हलकेच टेकवून एकदाच फिरवावे. उबेने कवच मऊ होऊन सांधते. पाते ओले राहिले तर साखर विरघळून डाग उरतो.

बारीक भेगांचे जाळे : कवच ताजे असेल तर पृष्ठभागावर गुळगुळीत बटर पेपर ठेवून तळहाताच्या उबेने हळूहळू घासावे. कवच जुने व कडक झाले असेल, तर वरचा पातळ थर खरवडून काढावा आणि नवा पातळ लेप द्यावा.

खोल तडा : राखून ठेवलेल्या बटरक्रीममध्ये दुधाचे दोन-तीन थेंब घालून ते मलमासारखे मऊ करावे. भेगेच्या लांबीच्या दिशेने न भरता तिच्या आडव्या दिशेने दाबत भरावे, म्हणजे आत पोकळी राहत नाही. जादा लेप निरपून २० मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावा आणि मग अखेरचा हात फिरवावा.

हवेचा फुगा : स्वच्छ टाचणीने फुग्याच्या खालच्या बाजूला एक छिद्र करावे, बोटाने हलके दाबून हवा बाहेर काढावी आणि छिद्र बुजवावे. टाचणी मोजून पुन्हा डबीत ठेवावी. केकमध्ये राहिलेली टाचणी तड्याहून कितीतरी मोठे संकट ठरते.

थरांच्या सांध्याचा फुगवटा : केक तासभर थंड करावा, फुगवटा सुरीने केकच्या रेषेत कापावा आणि त्या पट्ट्यावर पुन्हा लेप द्यावा. सारण अजूनही बाहेर येत असेल, तर कितीही लेप चढवला तरी तो टिकणार नाही. अशा वेळी वरचा थर उचलून सारण कमी करणे हाच खरा उपाय आहे.

वेळ अगदीच नसेल तर तडा झाकावा. बुडाशी शिंपल्यांच्या नक्षीची किनार, कडेने किसलेले चॉकलेट किंवा भाजलेल्या काजूचा चुरा यांनी लांब भेगही दृष्टीआड होते. ताजी फुले लावायची असल्यास ती खाण्यास सुरक्षित व औषधे न फवारलेली असावीत. कण्हेर दिसायला सुंदर असली तरी विषारी आहे आणि चाफ्याच्या देठातून त्रासदायक चीक पाझरतो. ही दोन्ही फुले अंगणात सहज मिळत असल्यामुळे विशेष सावध राहावे. कोणत्याही फुलाचा उघडा देठ केकमध्ये खोचू नये.

दुरुस्त न करावा असा केक

काही केक दुरुस्तीच्या पलीकडचे असतात. मेरिंगचे किंवा शिजवलेल्या खळीचे बटरक्रीम, ताजी क्रीम अथवा कस्टर्डचे सारण असलेला केक उन्हाळ्यात कित्येक तास बाहेर राहिला असेल, तर भेग बुजवून तो वाढू नये. अंडी व दूध उष्म्यात लवकर बिघडतात आणि लेप गुळगुळीत केल्याने आतला बिघाड जात नाही. मुलांच्या वाढदिवसाला हा धोका पत्करणे कोणत्याही रकमेपेक्षा महाग पडते. अंड्याचा बलक वापरणाऱ्यांनी तापमापक ठेवावा. ७१ अंशांचा अंदाज बोट बुडवून येत नाही.

दोन दिवसांचे वेळापत्रक

शनिवारी संध्याकाळी द्यायचा केक शुक्रवारी सकाळी भाजावा. दुपारी गार झाल्यावर कापून थर रचावेत आणि रात्रभर हलक्या भाराखाली बसू द्यावेत. शनिवारी सकाळी कडा निरपून पहिला पातळ लेप, अर्ध्या तासाने दुसरा लेप आणि दुपारपर्यंत सजावट पुरी करावी. त्यानंतर केक बंद खोक्यात फ्रीजमध्ये ठेवावा आणि निघण्यापूर्वी एकदा चारही बाजूंनी उजेडात पाहावा. अखेरच्या लेपानंतर बोर्डाला धक्का लागेल असे कोणतेही काम करू नये. खोके घरून निघताना आणि पोहोचल्यावर अशी दोन छायाचित्रे काढून ठेवली, तर तडा कोठे गेला याचा वाद उरत नाही आणि पुढच्या केकला काय सुधारायचे, हेही कळते.